आपल्या भागात एखादा पक्षी किती दुर्मिळ आहे, हे कसे ठरवावे?

“हा पक्षी मी वीस वर्षांत दोनदाच पाहिला, म्हणजे तो दुर्मिळच असणार,” असे पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात नेहमी ऐकू येते. या वाक्यात अंश आहे, छेद नाही. वीस वर्षांत त्या पक्ष्याला किती वेळा शोधले, कोणत्या महिन्यांत, कोणत्या अधिवासात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी शोधले, आणि तो समोर आला असता तर ओळखता आला असता का, हे कळल्याशिवाय ‘दोनदा’ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. दुर्मिळता हे गुणोत्तर आहे. दिसण्याची संख्या सगळेच लिहून ठेवतात. किती प्रयत्नांत दिसला, हा छेद मात्र शोधून काढावा लागतो, आणि या लेखातील बहुतेक पायऱ्या त्या शोधाच्याच आहेत.

आधी प्रश्न नेमका करा

‘दुर्मिळ’ हा एकच शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. डेबोरा राबिनोविट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञ महिलेने १९८१ मध्ये मांडलेली विभागणी पक्ष्यांनाही चपखल लागू पडते. तिने तीन प्रश्न विचारले: प्रजातीचा प्रसार विस्तृत आहे की मर्यादित, ती अनेक अधिवासांत राहते की एखाद्याच विशिष्ट अधिवासात, आणि जेथे ती आढळते तेथे तिची संख्या भरपूर असते की नेहमीच थोडी. या तीन उत्तरांच्या आठ जोडण्या होतात; त्यांतील एक म्हणजे सर्वार्थाने सामान्य प्रजाती आणि उरलेल्या सात म्हणजे दुर्मिळतेचे सात प्रकार. नारकोंडम धनेश हा पक्षी सुमारे ७ चौरस किलोमीटरच्या एकाच बेटावर आढळतो, पण त्या बेटावर उतरणाऱ्याला तो सहज दिसतो. बहिरी ससाणा अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर आहे, तरी कोठेही त्याचे थवे दिसत नाहीत. लहान रोहित खाऱ्या व क्षारयुक्त पाण्याच्या मोजक्या जागी हजारोंनी जमतो आणि इतरत्र जवळजवळ नसतोच. तिघांनाही दुर्मिळ म्हणता येईल, पण तिघांच्या दुर्मिळतेचा अर्थ वेगळा आहे आणि ती मोजण्याची रीतही वेगळी आहे.

म्हणून पहिल्या पायरीवर आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. त्यात चार गोष्टी असाव्यात: प्रजाती, भौगोलिक सीमा, ऋतू आणि त्या पक्ष्याचा अधिवास. “अमुक पक्षी दुर्मिळ आहे का?” या प्रश्नाला उत्तर नसते, “अमुक जिल्ह्यातील गवताळ माळांवर हिवाळ्यात तो किती नियमितपणे दिसतो?” याला असते. सीमा शक्यतो जिल्हा, तालुका किंवा नदीखोरे अशी घ्यावी, कारण उपलब्ध माहिती बहुधा प्रशासकीय सीमांनुसार साठवलेली असते. केवळ आपल्या घराभोवतीचा परिसर घेतला तर नोंदी अपुऱ्या पडतात, आणि संपूर्ण राज्य घेतले तर किनारा, डोंगर आणि पठार एकाच सरासरीत मिसळून जातात.

ओळखीची शंका येथेच मिटवा

पुढची सगळी मेहनत ओळखीवर उभी आहे, आणि दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत ओळख चुकण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. कारण साधे आहे. एखाद्या सामान्य प्रजातीचे हजार पक्षी पाहताना शंभरातील एक वेळ जरी चूक झाली, तरी तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुर्मिळ प्रजातीच्या खात्यावर दहा खोट्या नोंदी जमा होतात. खऱ्या नोंदी कदाचित दोनच असतील.

मी स्वतः एका संध्याकाळी झाडीच्या कडेला बसलेला लहान शिकारी पक्षी ‘बेसरा’ म्हणून वहीत लिहिला होता. गळ्यावर मधोमध उभी गडद रेघ स्पष्ट दिसत होती, आणि बेसऱ्याची ही खूण मला तोंडपाठ होती. घरी आल्यावर तीन छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा छातीवर अल्पवयीन पक्ष्याच्या तपकिरी रेघोट्या आणि ठिपके दिसले, शेपटीवरचे गडद पट्टे अरुंद होते, आणि गळ्यावरची रेघ बेसऱ्याच्या रेघेइतकी ठळक नव्हती. बेसऱ्यासारख्याच दिसणाऱ्या, पण सामान्य असलेल्या शिक्र्याच्या पिल्लावस्थेतून बाहेर पडलेल्या पक्ष्यातही ही रेघ चांगलीच उठून दिसते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. नोंद खोडली. त्या दिवसापासून एक नियम पाळतो: दुर्मिळ पक्ष्याच्या बाजूने असलेल्या खुणा लिहिण्याआधी, त्याच्याशी साम्य असलेल्या सामान्य पक्ष्याला बाद करणाऱ्या खुणा लिहायच्या. त्या सापडल्या नाहीत, तर ओळख ‘शिक्रा किंवा बेसरा’ एवढीच ठेवायची.

जागतिक यादी काय सांगते आणि काय सांगत नाही

आययूसीएन म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, त्याची लाल यादी ही बहुतेकांची पहिली धाव असते, आणि ती पाहावीच; पक्ष्यांसाठी हे मूल्यमापन बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था करते. मात्र ती यादी प्रजाती जगातून नामशेष होण्याचा धोका सांगते, आपल्या जिल्ह्यात ती दिसण्याची शक्यता सांगत नाही. उदाहरणार्थ, गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यांपैकी जो काळ मोठा असेल तो) संख्या सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांनी घटली तर प्रजाती ‘असुरक्षित’, ५० टक्क्यांनी घटली तर ‘संकटग्रस्त’ आणि ८० टक्क्यांनी घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात जाऊ शकते. म्हणजे अजूनही लाखोंच्या संख्येत असलेला पक्षी या यादीत वरच्या वर्गात असू शकतो. पिवळ्या छातीचा भारीट हे याचे ठसठशीत उदाहरण आहे. उत्तर युरेशियात अफाट संख्येने वीण घालणारा हा पक्षी २००० साली चिंता नसलेल्या वर्गात होता. स्थलांतराच्या मार्गावर त्याला जाळी लावून पकडले जात राहिले आणि २०१७ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भोरडी म्हणजे पळसमैना जागतिक यादीत निर्धोक आहे आणि हिवाळ्यात भारतीय उपखंडात तिचे प्रचंड थवे उतरतात. पण पश्चिम युरोपच्या टोकाला, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, ती एरवी तुरळक येणारी पाहुणी आहे. तिकडे ती दिसली तर बातमी होते, इकडे कोणी मान वर करून पाहतही नाही. त्यामुळे लाल यादीतील वर्ग आपल्या टिपणात एका ओळीत लिहावा आणि पुढे जावे. देशपातळीवरील अहवाल असेल तर तो अधिक उपयोगी पडतो: भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचा विचार झाला आणि १७८ प्रजाती संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्याच्या ठरल्या. तरीही देशाची सरासरी म्हणजे आपला जिल्हा नव्हे.

प्रदेशाची जुनी सूची वाचताना

प्रादेशिक सूची, जिल्ह्याच्या पक्ष्यांवरील लेख, जुनी गॅझेटियर आणि निसर्ग संस्थांची नियतकालिके यांतून पक्ष्याचा ‘दर्जा’ कळतो: निवासी, हिवाळी पाहुणा, वाटेवरचा प्रवासी, की वाट चुकून आलेला. हा दर्जा आकड्याआधी ठरवणे आवश्यक आहे, कारण वाटेवरच्या प्रवाशाला वर्षातून दोनच आठवडे पाहता येते आणि उरलेले पन्नास आठवडे तो नसणे हे दुर्मिळतेचे लक्षण नसते. नवरंग हा पक्षी अनेक भागांत फक्त स्थलांतराच्या दिवसांत काही काळ थांबतो, आणि विणीच्या ठिकाणी तो पावसाच्या सुमारास बोलू लागला की एकदम ‘सगळीकडे’ असल्यासारखा वाटतो.

अशी सूची वापरताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ‘तुरळक’, ‘क्वचित’, ‘बऱ्यापैकी’ या शब्दांची व्याख्या लेखकाने कोठे दिली आहे का. न दिल्यास ते शब्द त्या लेखकाचे मत म्हणून घ्यावेत. दुसरी, नावे. वर्गीकरण बदलत असते. पूर्वी ‘पिवळा धोबी’ म्हणून एकाच प्रजातीत मोजलेल्या पक्ष्यांची आता अनेक वर्गीकरणांत पश्चिमेकडील आणि पूर्वेकडील अशा दोन प्रजातींत विभागणी झाली आहे. जुन्या सूचीतील एका ओळीची तुलना आजच्या दोन ओळींशी केली, तर दोन्ही पक्षी अचानक दुर्मिळ झाल्याचा भास होईल.

छेद मिळतो तो येथे

आता मुख्य काम. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑड्युबन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेले ईबर्ड हे निरीक्षकांनी पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या नोंदवण्याचे ऑनलाइन व्यासपीठ या कामासाठी सर्वांत सोयीचे आहे, आणि त्याचे कारण तेथील नोंदींची विपुलता एवढेच नाही. नोंद देणाऱ्याला तेथे विचारले जाते की, ओळखता आलेले सर्व पक्षी तुम्ही यादीत लिहिले आहेत का? ‘होय’ म्हटलेल्या यादीला पूर्ण यादी म्हणतात. पूर्ण यादीत एखादा पक्षी नसणे हीसुद्धा माहिती असते, आणि आपल्याला हवा असलेला छेद म्हणजे हीच पूर्ण याद्यांची संख्या.

आपला जिल्हा निवडून तेथील स्तंभालेख उघडावा. त्यात प्रत्येक महिन्याचे चार भाग, म्हणजे वर्षाचे ४८ रकाने असतात, आणि पट्टीची जाडी दाखवते की त्या आठवड्यातील किती टक्के पूर्ण याद्यांत तो पक्षी होता. या टक्केवारीला वारंवारता म्हणावे. पट्टी पाहून थांबू नये; आकडेवारी उतरवून घेण्याची सोय असते आणि त्यात प्रत्येक आठवड्याच्या एकूण याद्यांची संख्याही मिळते. ज्या आठवड्यात पाचच याद्या आहेत, तेथे २० टक्के याचा अर्थ ‘एकाने एकदा पाहिला’ एवढाच होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जानेवारीत जिल्ह्यातून ४०० पूर्ण याद्या आल्या आणि त्यांपैकी ६ याद्यांत आपला पक्षी आहे; वारंवारता १.५ टक्के. या सहा नोंदी एकेक करून उघडाव्यात, कारण त्यांतून अगदी उलट दिशेचे दोन निष्कर्ष निघू शकतात. समजा, सहापैकी पाच नोंदी एकाच तळ्यावरच्या, एकाच आठवड्यातल्या आहेत. म्हणजे बहुधा एक पक्षी आला, बातमी पसरली आणि पाच जण त्याला पाहून आले. मग स्वतंत्र नोंदी दोनच उरतात आणि पक्षी १.५ टक्क्यांवरून वाटतो त्याहून दुर्मिळ ठरतो. पण समजा, त्या सहाही नोंदी वेगवेगळ्या पाणवेतांच्या बेटांतून आल्या आहेत, आणि ४०० पैकी अशा जागी केलेल्या याद्या केवळ २४ आहेत. मग त्या अधिवासातील वारंवारता २५ टक्के होते. पक्षी त्याच्या जागी नियमित आहे. त्या जागाच थोड्या आहेत आणि तेथे जाणारी माणसे त्याहून थोडी. हे राबिनोविट्झच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर झाले. माझ्या मते संपूर्ण तपासातील ही सर्वांत फलदायी पायरी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात.

याद्यांचा छेद सरळ नसतो, हेही लक्षात ठेवावे. निरीक्षक सुटीच्या दिवशी, सकाळी, रस्त्यालगतच्या प्रसिद्ध पाणथळीवर जातात. उघडे माळ, शेतांचे बांध, दाट काटेरी झुडपे आणि रात्र यांच्या वाट्याला फार थोडे प्रयत्न येतात. शिवाय शिकार किंवा त्रासाचा धोका असलेल्या काही प्रजातींची नेमकी ठिकाणे ईबर्ड उघड दाखवत नाही, त्यामुळे नकाशावर बिंदू नसणे म्हणजे पक्षी नसणे असे समजू नये.

जीबीआयएफ (जगभरातील सजीवांच्या नोंदींचा खुला साठा) आणि आयनॅचरलिस्ट (सजीवांच्या नोंदी टाकण्याचे संकेतस्थळ) यांचाही उपयोग होतो, पण वेगळ्या कामासाठी. जीबीआयएफमध्ये संग्रहालयांतील जुने नमुने सापडतात, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी पक्षी येथे होता का, हे पाहता येते. आयनॅचरलिस्टवर छायाचित्रासह नोंदी असल्याने ओळख पडताळता येते. दोन्हींकडील बहुतेक नोंदी ‘दिसला’ एवढेच सांगतात. छेद नसल्यामुळे त्यांवरून वारंवारता काढू नये.

न दिसणे आणि नसणे

रातवा वाळलेल्या पानांत बसला की पाय पडेपर्यंत उडत नाही. दिवसा केलेल्या शंभर याद्यांत तो नसला तरी संध्याकाळी त्याच वाटेवर तीन रातवे ओरडत असू शकतात. प्रत्येक प्रजातीची ‘सापडण्याची शक्यता’ वेगळी असते आणि वारंवारता ही पक्ष्याची उपस्थिती व सापडण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार असते. म्हणून आपल्या पक्ष्याची तुलना नेहमी त्याच्यासारख्याच सवयींच्या पक्ष्याशी करावी: रातव्याची पिंगळ्याशी, झुडपांत लपणाऱ्या वटवट्याची दुसऱ्या वटवट्याशी. रातव्याची तुलना साळुंकीशी करून काहीही हाती लागत नाही.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. समजा, पक्षी एखाद्या जागी आहे आणि एका फेरीत तो सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. एका फेरीत तो हुकण्याची शक्यता ७० टक्के. पाच फेऱ्यांत सतत हुकण्याची सुमारे १७ टक्के. नऊ फेऱ्यांत सुमारे ४ टक्के. म्हणजे पाच फेऱ्यांनंतर “येथे तो नाही” असे म्हणणे घाईचे ठरेल, नऊ फेऱ्यांनंतर ते बऱ्यापैकी सयुक्तिक असेल. दुसरा ठोकताळाही लक्षात ठेवण्याजोगा आहे: एकदाही न दिसल्यास ३ ला याद्यांच्या संख्येने भागावे. ३० याद्यांत शून्य नोंदी असतील, तर खरी वारंवारता १० टक्क्यांपर्यंत असू शकते. ३०० याद्यांत शून्य असतील, तर १ टक्क्यापर्यंत. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, त्यापुढे नाही.

स्वतःची पाहणी

उपलब्ध याद्या अपुऱ्या असतील, आणि लहान गावांच्या आसपास त्या असतातच, तर स्वतः याद्या कराव्यात. नकाशावर पक्ष्याला अनुकूल अशा दहा-बारा जागा आधीच निवडाव्यात. जेथे तो दिसल्याचे ऐकले आहे तेवढ्याच निवडल्यास निकाल फुगतो. प्रत्येक जागी ठरावीक वेळ, समजा १५ मिनिटे, थांबून पूर्ण यादी करावी, पक्ष्यांची संख्या लिहावी आणि योग्य ऋतूत त्याच जागांच्या फेऱ्या पुन्हा कराव्यात. वारा, पाऊस आणि वेळ यांची नोंद ठेवावी. पक्षी न दिसलेली यादीही दिसलेल्या यादीइतक्याच निगुतीने जपावी, हे सांगायला सोपे आणि पाळायला कंटाळवाणे आहे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावण्याचा मोह विणीच्या हंगामात टाळावाच. शिवाय आवाज वाजवून केलेल्या आणि न वाजवता केलेल्या याद्यांची तुलना होऊ शकत नाही.

काळाची बाजू आणि खोट्या नोंदी

आज दुर्मिळ असलेला पक्षी पूर्वीही दुर्मिळ होता का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड १९८० च्या दशकात जगातील सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानले जात होते. गुरांना त्या काळी दिल्या जाणाऱ्या आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे भारतातील त्याची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जुन्या नोंदीत ‘सर्वत्र’ म्हणून दुर्लक्षिलेला पक्षी हाच आज शोधण्याचा विषय होऊ शकतो. तुलना करताना एकूण नोंदींची संख्या वापरू नये, कारण निरीक्षक वाढले की सगळ्याच पक्ष्यांच्या नोंदी वाढतात. दोन कालखंडांतील वारंवारतांची तुलना करावी.

जुन्या नोंदीवर आंधळा विश्वास ठेवल्यास काय होते, हे रानपिंगळ्याच्या कथेत दिसते. १८७३ मध्ये वर्णन झालेला हा पक्षी १८८४ नंतर कोणी पाहिल्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता, अपवाद होता तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेल्या नमुन्याचा. पुढे असे सिद्ध झाले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता आणि त्यावर खोटे ठिकाण व खोटी तारीख चिकटवली होती. ही नोंद बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नमुन्यांच्या ठिकाणांवर लक्ष दिल्यावर, १९९७ मध्ये पामेला रासमुसेन ही अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी यांना महाराष्ट्रात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. आपल्या जिल्ह्यातील एकुलत्या एका जुन्या नोंदीबद्दलही म्हणून विचारावे: पुरावा काय आहे, तो आज कोठे पाहता येतो, आणि ही एक नोंद काढून टाकली तर निष्कर्ष बदलतो का?

निष्कर्ष लिहिण्याची रीत

शेवटी एका शब्दाऐवजी एक पूर्ण वाक्य लिहावे, आणि त्यात छेद असावा. उदाहरणार्थ: “अमुक तालुक्यातील पाणवेतांत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात केलेल्या ४८ पूर्ण याद्यांपैकी ११ याद्यांत हा पक्षी आढळला; इतर अधिवासांतील ३१० याद्यांत आढळला नाही; त्यामुळे तो योग्य अधिवासात नियमित, परंतु तालुक्यात अत्यंत स्थानिक असा हिवाळी पाहुणा आहे.” या वाक्यावर कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर नेमका कशावर घ्यायचा ते त्याला कळते. नोंद खरोखरच अपवादात्मक असेल, तर पक्षी पाहत असतानाच, पुस्तक उघडण्याआधी, वर्णन लिहावे. छायाचित्र वाईट असले तरी जोडावे. आणि ती प्रादेशिक पडताळणी करणाऱ्यांकडे पाठवावी. त्यांनी शंका विचारली तर तो अपमान समजू नये. घरट्याचे किंवा रात्रीच्या थाऱ्याचे नेमके ठिकाण मात्र सार्वजनिक टिपणात देऊ नये, तालुक्याचे नाव पुरते. टिपणाखाली तारीख घालावी आणि पाच वर्षांनी त्याच जागा, त्याच महिन्यांत, तितक्याच फेऱ्यांनी पुन्हा पाहाव्यात.